शिवा शिगवणची जागा

“पाच तास त्या एसटीत माझी हाडं खुळखुळवलीन, नि पाय धुवायला ही करंगळीएवढी धार! शेळीची धार मोठी असते ह्याच्यापेक्षा.”

मथुराआजी हे कुणाला ऐकवत नव्हत्या. माझ्या खांद्याला धरून त्या एका पायावर उभ्या होत्या, त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. हाडं खुळखुळवली कुणी, तर नातीने. नात वेदिका, तीस-बत्तीसची, मुंबईत कुठल्याशा ऑफिसात. ती फाटकाशी उभी राहून फोनला रेंज शोधत होती.

“थांबा आजी, मी तांब्याने ओतते.”

“ओत गो बाय. तळपाय पेटलेत नुसते.”

मी ओतलं. आजींनी डावा पाय कोपऱ्यातल्या नळाखालच्या चिऱ्यावर घासला, मग उजवा. टाचा घासल्या, चूळ भरली, ती तिथेच टाकली. मग काखेतल्या पिशवीतून झाकणाचा एक स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे धरला.

“हा पण विसळ. ह्यातनं बापसाची माती न्यायची हाय.”

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. “माती?”

“मग काय दगड नेऊ?”

आमच्याकडे, म्हणजे रत्नागिरीतल्या साहेबांच्या दफनभूमीत, मागच्या अंगाला सैनिकांचे सहा दगड आहेत. पाच गोरे, सहावा आपला. माझा सासरा दादू इथला राखणदार होता, त्याच्यामागे माझा नवरा बाबू. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात बाबूच. फाटकाजवळच्या दोन खोल्या आम्हाला राहायला आहेत. मी चौथी शिकून इथे आले. इंग्रजी अक्षरं शिकले ती ह्या सहा दगडांवर, बोट फिरवून. सहाही दगडांत मिळून क्यू नाही आणि झेड नाही, त्यामुळे ती दोन अक्षरं मला अजून परकी वाटतात. सहाव्या दगडावर वर ॐ, खाली पलटणीचं नाव, मग शिवा राघो शिगवण, मग १९ मार्च १९४४. तो मला मंगलाष्टकांसारखा पाठ आहे.

आजी पदराने पाय टिपत सांगत होत्या. नळाची चकती फिरवून मी पाणी बंद केलं, कारण मला एकेक शब्द ऐकायचा होता, आणि ऐकायचाही नव्हता.

“बापूस बोटीनं येत होता, रजा काढून. मी आठ म्हयन्यांची, मला बघायला. माझा आजा हर्णैच्या बंदरात गाडी घेऊन दोन दिस बसला. बोट आली, पडाव किनाऱ्याला लागले, माणसं उतरली. हा नाय. कोण म्हणलान दर्यात पडला, कोण म्हणलान पळाला. माझी आये म्हणली, मढं दाखवा, मग कुंकू पुसते. कोण दाखवणार? पासष्ट वर्सं कुंकू लावून मेली ती.”

“त्यांच्या अंगावर देवी उठल्या होत्या, काकी,” वेदिका जवळ येत मला म्हणाली. “म्हणून हर्णैला उतरवलंच नाही. मोठा दवाखाना रत्नागिरीला, म्हणून इथे आणलं. दोन दिवसांत गेले. मला नोंद मिळाली आत्ता, ह्या वर्षी.”

“देवीच्या माणसाला तेव्हा जाळीत नसत,” आजी म्हणाल्या. “पुरलानी. त्याचं काय वाईट नाय. पण त्याला अग्नी नाय मिळाला गो. आमच्या भटानं सांगितलान, जाग्यावरची माती आणा. येत्या अवसेला दर्भाचा माणूस करू, त्याच्या छातीत ती माती भरू नि देऊ अग्नी. मी ब्याऐंशीची झाले. औंदा नाय तर कधी?”

आणि ज्या चिऱ्यावर उभं राहून त्या हे म्हणत होत्या, त्या चिऱ्याखाली त्यांचा बाप होता.

हे कसं झालं ते सांगते. त्यात आमचा दुष्टपणा काही नाही, पण दुष्टपणा नसला म्हणजे पाप लागत नाही असंही नाही.

गणपती गेले आणि विनीतसाहेबांचा फोन आला. दगडांची देखभाल ज्या कार्यालयाकडे आहे तिथले हे साहेब, वर्षातून एकदा येतात. म्हणाले, सहाव्या दगडाचं कुटुंब सापडलं, मंडणगडाकडचं आहे, पितृपक्षात येणार, जागा स्वच्छ ठेवा. बाबू लागला कामाला. गवत काढलं, नारळाच्या सोडणाने पाचही साहेब घासून पांढरे केले. सहावा दगड होता मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, करवंदीच्या जाळीआड. भिंत पाझरते तिथे, शेवाळ धरतं. बाबू त्या दगडापुढे बराच वेळ बसला आणि घरी येऊन म्हणाला, “काशे, आपला माणूस नि मोरीत? साहेब लोक पुढं आरामात, नि हा मागं? घरची माणसं येऊन बघतील ती काय म्हणतील?”

आमच्या बाबूच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा देवीचा पाषाण असाच कौल लावून मांडवात नेला होता. देवी वर्षभर मांडवात राहिली आणि तिथूनही नवसाला पावत होती. मग शिवाला काय हरकत? बाबूने माझ्याकडून नारळ घेतला. दगडाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, तुला मानाच्या जागी नेतो, राजी असलास तर उजवी दे. उजवी पडली. दोन गडी लावून बाबूने दगड उपटला आणि रांगेच्या पुढे, पायवाटेला लागून, पहिल्या साहेबाच्याही अलीकडे रोवला. माणूस काय, दगडाबरोबर येतोच.

आणि कोपरा रिकामा झाला. भिंतीपलीकडून पाण्याची लाईन जाते. नळ मी मागितला. बाबूने फोनवर विचारलं, कोपऱ्यात मोकळी जागा आहे, नळ घेऊ काय? साहेबांनी नकाशा न उघडता हो म्हटलं. चारी बाजूंनी घासता यावं म्हणून जांभ्याचा मोठा चिरा मीच निवडला. आठवडाभर मी तिथे भांडी घासतेय.

येणारी माणसं फुलं वाहतील, फोटो काढतील, डोळे पुसतील नि जातील, असं आम्ही धरून चाललो होतो. मातीचं कुणी बोललंच नव्हतं.

बाबू खोलीत खुरपं शोधत होता. मी दार लोटून घेतलं.

“ऐकलंत? माती नेणार आहेत.”

“न्हेऊ दे की. डबाभर मातीनं काय खड्डा पडत नाय.”

“कुठली माती?”

“दगडाखालची.”

“दगडाखाली कोण आहे?”

“हळू बोल. साहेब ओटीवर हाय.”

“कोण आहे, मी विचारलं.”

बाबूने खुरप्याची मूठ दोनदा पुसली. “शिवा हाय. कौल दिलान त्यानं. उजवी पडली, तू हुतीस तितं.”

“पाणी निथळत होतं दगडावरून. डावीही पडली असती.”

“मग तेव्हा का नाय बोललीस?”

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. तेव्हा मला नळ हवा होता.

“आता सांगितलं तर काय हुईल, म्हाइत हाय?” तो खिडकीकडे बघत कुजबुजला. “साहेबांचा पयला नियम. दगड तसूभर हलला, राखणदार भायेर. बापसापासनं ह्या खोल्यांत हाय मी. नि ते जाऊ दे. त्या म्हातारीला काय सांगू? बाय गो, आत्ता जितं चूळ टाकलीस...” त्याने खुरपं कमरेला खोचलं. “माती ती माती. भटाला काय कळतंय?”

“भटाला नाही कळणार. शिवाला कळेल ना?”

“बाबूभाऊ!” ओटीवरून विनीतसाहेबांची हाक आली. “चला, ऊन चढतंय.”

बाबू निघाला. मी आजींचा विसळलेला डबा घेऊन त्याच्या मागोमाग गेले. डबा कोरडा करायला हवा म्हणून मी तो वाटभर पदराने पुसत होते.

आजी दगडापुढे बसल्या. पिशवीतून फुलं काढली, कागदातल्या पुडीतून हळद-कुंकू काढलं, मग कुंकू परत पुडीत ठेवलं. दगडावर हात फिरवला, वरून खाली, जसा गाईच्या पाठीवर फिरवतात.

“काय लिवलंय, वाच गो.”

“वेदिकाताई वाचतील की,” मी म्हटलं.

“तू वाच. तू रोजची.”

मी वाचलं. शिवा राघो शिगवण हे मी बोट ठेवून वाचलं. आजींनी ते नाव माझ्यामागून हळू म्हणून बघितलं, जसं काही आधी कधी ऐकलंच नव्हतं.

विनीतसाहेबांनी फाईल उघडली. आतला नकाशा पुरता उलगडला, दगड मोजले, परत नकाशा बघितला. मग मान वर करून मागच्या कोपऱ्याकडे बघितलं, तिथे काळा नळ उन्हात चकाकत होता. त्यांनी एकदा बाबूकडे बघितलं आणि नकाशा घडी करून ठेवून दिला. घडी नीट बसली नाही, तरी तशीच दाबली.

मला वाटलं, आता हे बोलतील. साहेब आहेत, शिकलेले आहेत, बोलायचा पगार घेतात. ते म्हणाले, “आजी, डोक्यावर टोपी देऊ का?”

तेवढ्यात वेदिका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. फोन तिने माझ्यापुढे धरला, पण बघत होती दुसरीकडे. फोटोत शिवाचा दगड होता, जुना, शेवाळलेला. त्याच्यामागे भिंत आणि करवंदीची जाळी.

“काकी, हा फोटो साहेबांनी मला जुलैत पाठवला होता.”

“हं.”

“ह्यात मागे भिंत आहे.”

“हं.”

“इथे मागे भिंत नाही.”

मी हातातला डबा आजींपुढे ठेवून आले. तिने कोपऱ्याकडे बघितलं, ओल्या चिऱ्याकडे, मग आजीच्या नुकत्याच धुतलेल्या पायांकडे. तिचा हात तोंडावर गेला.

“आजीला सांगू नका,” ती पुटपुटली. “हार्टच्या गोळ्या चालू आहेत तिच्या. ती हे ऐकून... नको. माती काय, इथली तिथली एकच. सगळी ह्याच आवारातली ना?”

“तुमची आजी शेतात जन्म काढलेली बाई आहे,” मी म्हटलं. “तिला माती एकच वाटेल का?”

“काकी, प्लीज.”

म्हणजे आता आम्ही चौघं झालो. बाबूला नोकरी, साहेबांना फोनवर दिलेला होकार, वेदिकाला आजी आणि मला माझी भांडी. चौघांच्या मधोमध ती म्हातारी पाय पसरून बसली होती आणि डब्याचं झाकण काढत होती.

“चल रे बाबा, काढ माती,” ती बाबूला म्हणाली.

बाबू उकिडवा बसला. वरचं गवत त्याने खुरप्याने सारलं. पहिला घाव घातला आणि खण्ण असा आवाज आला.

“दगड लागला वाटतं,” विनीतसाहेब पटकन म्हणाले.

बाबूने वीतभर बाजूला घाव घातला. खण्ण. अजून अलीकडे. खण्ण. चार बोटं तांबडी, रेवाळ माती, पायवाटेला पसरली होती तीच, आणि खाली सलग कातळ. आमच्या इकडे हे नवीन नाही, अर्धी रत्नागिरी कातळावर बसली आहे. पण त्या चार बोटांत कुणी मांजरही पुरलं नसतं.

आजींनी हात पुढे करून खुरपं घेतलं. स्वतः एकदा हळूच टोचून बघितलं. मग थोडी माती चिमटीत घेतली, अंगठ्याने चुरली, वास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“ही भरावाची हाय,” त्या म्हणाल्या.

“वरचा थर आजी,” साहेब म्हणाले. “इतकी वर्षं झाली, पावसाने माती वाहून जाते, मग आपण भर घालतो. तसं असतं ते.”

“असतं काय?”

“हो, सगळीकडेच.”

“नि खालचा कातळ? तो पण तुमीच घातलान?”

साहेब रुमालाने चष्मा पुसायला लागले. वेदिका म्हणाली, “आजी, घे ना दोन मुठी. उशीर होतोय. परतीची गाडी आहे.”

“गाडी कुठं पळत नाय,” आजी म्हणाल्या, आणि हातातली चिमूट परत खाली सोडली. डब्यात नाही. डबा त्यांनी मांडीवर उपडा ठेवला. मग बाबूकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून मला जास्त भीती वाटली.

“तू राखणदार ना?”

“हां आजी. माज्या बापसापासनं.”

“मग गाऱ्हाणं घाल. माती काढायच्या आदी त्याला सांगायला नको? आमी परकी. तू रोजचा. तुजं ऐकल तो.”

बाबूने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण असं त्याने एकदाच बघितलं होतं, सासरे गेले त्या रात्री. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. कोर्टात माणूस खोटं बोलेल, पोलिसात बोलेल, बायकोशी तर बोलतोच. गाऱ्हाण्यात नाही. आणि एकटा बोलणारा तिथे एकटा नसतो. दर वाक्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं, म्हणजे जे बोललं ते सगळ्यांच्या गळ्यात पडतं.

बाबू उठला, चपला काढल्या, हात जोडले.

“बा शिवा म्हाराजा, आज ही तुजी लेक मथुरा, पंतवंडासंगं तुज्या भेटीला आलीय...”

“होय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. साहेबांचं जरा मागून आलं.

“तू बोटीनं घरला जायला निघालास, तुला घर गावला नाय, तुला हितं ठेवलानी. तेव्हापासून आमी तुजी राखण करताव...”

“होय म्हाराजा.”

“तर म्हाराजा, तुजी लेक तुज्या जाग्यावरची माती न्हेतेय, तुला अग्नी द्यायला. तर ती माती तिला...” बाबू थांबला. “ती माती तिला गोड करून दे.”

वेदिका नुसतं ‘होय’ म्हणाली. साहेबांचे ओठ हलले. आजी काही म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मीही काही म्हटलं नव्हतं.

“तू का गप गो?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. बाबूला तोंडघशी पाडायचं माझ्या मनात नव्हतं. खोल्या जातील हे कळत होतं, सामान कुठे ठेवायचं हेही मनात येऊन गेलं. पण ते दोन शब्द जिभेवर येईनात.

“मला नाही म्हणवत, आजी.”

आजींनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

“का नाय म्हणवत?”

“काकी...” वेदिका म्हणाली.

“तू गप. तिला इचारतेय मी.” आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, आजींनीच हात वर केला. “नको. तू नको सांगूस. तू बायको हायस त्याची.” त्या बाबूकडे वळल्या. “परत बोल रे. ते शेवटचं. तेच परत बोल, ती होय म्हणपर्यंत बोल.”

बाबूने परत हात जोडले.

“बा शिवा म्हाराजा, तुजी लेक तुज्या जाग्यावरची...”

तो थांबला.

“तुज्या जाग्यावरची...”

विनीतसाहेब एक पाऊल पुढे आले. “बाबूभाऊ, राहू दे आता, आपण नंतर बसून...”

“साहेब, गाऱ्हाण्यात मधी बोलू नये,” बाबू म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला साहेबांशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्याने जोडलेले हात सोडले नाहीत, पण दगडासमोरून बाजूला झाला. कोपऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि इतक्या साध्या आवाजात बोलला, की आधी मला वाटलं तो कुणाला तरी हाक मारतोय.

“शिवा म्हाराजा, तू हितं नाय हायस. हितं नुसता कातळ हाय. तू हायस तितंच हायस, त्या नळाखाली. मानासाठी म्हणून दगड तेवढा मी हलवला, म्हाराजा, पण तू आला नायस.”